मदत हवी आहे: को-पे लावला की लोक नेमकं काय टाळतात?

अर्धवट_राव

मंडळी, गुरुवारी मीटिंग आहे, त्यामुळे थोडी घाई आहे.

ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची समिती आहे आणि "तुला आकडे कळतात" म्हणून मला तिच्यात ढकललंय. आतापर्यंत ओपीडी आणि औषधांचा सगळा खर्च पॉलिसीतून निघायचा. यंदा प्रीमियम वाढला, म्हणून प्रत्येक बिलाचा पाव हिस्सा ज्याचा त्याने भरावा (म्हणजेच को-पे) असा प्रस्ताव आलाय. म्हणणं असं की फुकट आहे म्हणून लोक शिंक आली तरी डॉक्टर गाठतात. खिशाला झळ बसली की विनाकारण जाणारे थांबतील, खरा आजारी जाईलच.

ऐकायला पटतं. पण आमच्याकडचे एक काका, निवृत्तीला आलेले, सहज म्हणाले, "मग मी बीपीची गोळी एक दिवसाआड घेईन." हसून म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

वाचायला बसलो तर अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेचा प्रयोग सापडला, १९७४ ते १९८२ मधला. कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या योजनांत घातलं होतं: कुणाला सगळं मोफत, कुणाला २५, कुणाला ५०, कुणाला ९५ टक्के स्वतः भरायचे. ९५ टक्केवाल्यांचा खर्च मोफतवाल्यांपेक्षा साधारण ३० टक्के कमी झाला आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. प्रस्तावाच्या बाजूचे लोक हेच तोंडावर फेकणार.

आता गोम अशी की त्याच प्रयोगात लोकांनी उपयोगी आणि निरुपयोगी उपचार जवळपास सारखेच कमी केले. उपयोगी उपचार कमी झाले तर तब्येत बिघडायला नको का? माझं काय निसटतंय? (कुठली कंपनी चांगली, असले सल्ले कृपया नकोत.)

निळीशाई

"सरासरी" हा शब्द पुन्हा वाच. त्या प्रयोगातले बहुतेक लोक धडधाकट होते. धडधाकट माणसाने वर्षात एक-दोन फेऱ्या चुकवल्या तर काय बिघडणार? ज्यांचं उत्पन्न कमी आणि रक्तदाब जास्त, त्यांच्यात मात्र फरक दिसला. मोफत योजनेत त्यांचा बीपी जास्त आटोक्यात राहिला आणि सगळ्यात जास्त धोका असलेल्यांच्या मृत्यूची शक्यता अंदाजे १० टक्क्यांनी कमी निघाली. कारण साधं आहे: दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरकडे गेले आणि बीपी सापडला.

आणखी दोन गोष्टी. खिशातून जाणाऱ्या पैशाला वर्षाची मर्यादा होती: उत्पन्नाच्या ५, १० किंवा १५ टक्के, आणि ती कधीच १००० डॉलरच्या वर नाही. तुमच्या प्रस्तावात मर्यादा आहे का? दुसरं, ६२ च्या वरच्यांना प्रयोगात घेतलंच नव्हतं. तुझ्या काकांसारखे लोक त्या आकड्यांच्या अगदी काठावरचे.

पडवी

निळीशाईताईंशी सहमत. भर घालते.

रँडमध्ये बचत झाली ती दारातच. पैसे भरावे लागणारे लोक डॉक्टरकडे कमी वेळा गेले, पण एकदा गेल्यावर त्या आजारपणाचा खर्च जवळपास तेवढाच आला. आत गेल्यावर ठरवणार डॉक्टर. पेशंटच्या हातात एकच निर्णय, जायचं की नाही, आणि तो त्याला काहीच माहीत नसताना घ्यावा लागतो. छातीत जळजळतंय ते पित्त की हृदय? हे कळायलाच तर जायचं असतं! "खरा आजारी जाईलच" म्हणणाऱ्यांना विचारा, आपण खरे आजारी आहोत हे त्याला घरी बसून कोण सांगणार?

कडू_कारलं

सगळं फुकट ठेवा मग. प्रीमियम कोण भरणार? फुकटाने गर्दी वाढते हेही खरंच आहे. जपानमध्ये ७० वर्षं पूर्ण झाल्यावर रुग्णाचा वाटा ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास यायचा. त्या वयाला ओपीडीच्या भेटी सुमारे १० टक्क्यांनी उडी मारत, मृत्यूदर मात्र हलला नाही. मी तरी काय वेगळं केलं? विमा होता तोवर माझ्या गुडघ्याचे फोटो माझ्या फोटोंपेक्षा जास्त होते.

पडवी

@कडू_कारलं, मान्य. पण मृत्यूदर ही फार मोठ्या भोकांची चाळण आहे. अमेरिकेत मेडिकेअरच्या (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याच्या) काही योजनांनी ओपीडीचा को-पे वाढवला, त्यावरचा २०१० चा अभ्यास बघा. पुढच्या वर्षात दर १०० सभासदांमागे ओपीडीच्या भेटी २० ने कमी, हॉस्पिटलात भरती २ ने जास्त आणि खाटेवरचे दिवस १३ ने जास्त. या खिशातून वाचवलं, त्या खिशातून गेलं.

औषधांचं तर आणखी वाईट. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९९६ मध्ये औषधांच्या खर्चात रुग्णाचा वाटा लावला. अत्यावश्यक औषधांचा वापर वृद्धांत सुमारे ९ टक्के आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांत १४ टक्के घटला. मग इमर्जन्सीच्या फेऱ्या वाढल्या.

अर्धवट_राव

बाप रे. पण समिती म्हणेल, आपल्याकडे सगळे वृद्ध नाहीत, पगारही बरे आहेत.

निळीशाई

त्यावरही उत्तर आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने चांगल्या पगाराच्या लोकांना मोफत योजनेतून मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेत टाकलं (डिडक्टिबल म्हणजे वर्षात आधी स्वतः भरायची रक्कम, ती संपली की मग विमा पैसे देतो). खर्च १२ ते १४ टक्के घटला. पण लोकांनी स्वस्त डॉक्टर शोधले का? अजिबात नाही. नुसती काटछाट केली, त्यात प्रतिबंधक तपासण्याही गेल्या. ज्यांचं डिडक्टिबल वर्षअखेर संपणारच होतं असे आजारी लोकसुद्धा आजचं बिल बघून थांबले.

म्हणून मीटिंगमध्ये को-पे हवा की नको यावर भांडू नकोस, कशावर नको ते माग. बीपी, शुगर, दमा यांच्या नेहमीच्या गोळ्यांवर शून्य. तपासण्यांवर शून्य. वर्षाला कमाल मर्यादा, तीही पगाराप्रमाणे. बाकी स्कॅन वगैरेवर लावा खुशाल, कारल्याचा गुडघा बरा होईल.

अवांतर: गोळ्या फुकट केल्या की सगळे घेतात असंही नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना फुकट औषधं देऊन पाहिली, तेव्हा नियमित घेण्याचं प्रमाण शंभरात ४ ते ६ नेच जास्त निघालं.

अर्धवट_राव

खूप आभार सगळ्यांचे. नेहमीच्या गोळ्या आणि वर्षाची मर्यादा या दोन गोष्टींवर अडून बसतो. एकच अडचण: मर्यादा पगाराप्रमाणे ठेवायची तर विमावाल्यांना पगार कळवावे लागतील, आणि एचआर आत्ताच कुरकुरतंय.

कडू_कारलं

पगाराचे तीन-चार टप्पे करा आणि त्यांना फक्त टप्प्याचा नंबर कळवा. आणि काकांना तोवर गोळी रोज घ्यायला सांग.