विषय: Re: संक्रांतीच्या कार्यक्रमाला इंग्लिश पुडिंग (अंडं आणि सुएटचा प्रश्न)

प्रेषक: भोजन समिती, लीड्स

नमस्कार मंडळी,

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर एक अस्सल इंग्लिश गोड पदार्थ ठेवायचं ठरतंय. मागणी मुलांची आहे. शाळेच्या जेवणात जॅम रोली-पोली (जॅम लावून गुंडाळलेलं पुडिंग) आणि कस्टर्ड असलं की ती खूश होऊन येतात, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी ते होतं. अडचणी दोन. आपल्यातले बरेच जण अंडं खात नाहीत, आणि या पुडिंगांत सुएट म्हणजे गाईबैलाची चरबी असते. म्हणून समितीत असं सुचवलं गेलं की सरळ ब्रेड, आटवलेलं दूध, केशर आणि वेलची घालून आपल्या पद्धतीचं पुडिंग करावं. अनुभवी मंडळींनी मत कळवावं.

*

प्रेषक: काकू, शेफील्ड

नमस्कार,

केशर-वेलचीचं पुडिंग चवीला छानच होईल, पण मुलांनी मागितलंय ते हे नव्हे. आणि तुमच्या दोन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अंड्याचं. स्पंजची पुडिंगं, म्हणजे ट्रीकल स्पंज, स्टिकी टॉफी, तसंच ब्रेड-बटर पुडिंग, यांना अंडं लागतं. पण त्याहून जुनी जी सुएटच्या पिठाची पुडिंगं आहेत, रोली-पोली, करंट्स म्हणजे बारीक काळ्या मनुका घातलेलं स्पॉटेड डिक, ससेक्स पाँड, त्यांच्या मूळ कृतीतच अंडं नाही. पीठ, सुएट, दूध किंवा पाणी, बस. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांसाठी काही बदलायचीच गरज नाही. जुनं तेच करा.

कस्टर्डचीही काळजी नको. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली कस्टर्ड पावडर तयार केली ती पत्नीला अंडं सोसत नव्हतं म्हणून. तिचा आधार कॉर्नफ्लार आहे. आपण लहानपणी फ्रूट कस्टर्ड खाल्लं ते याच जातीच्या पावडरीचं.

आता सुएट. दुकानात तयार दाणेदार सुएट मिळतं. मँचेस्टरमध्ये १८९३ साली सुरू झालेलं अटोरा सगळ्यांना माहीत आहे. त्याच कंपनीचं व्हेजिटेबल सुएटही असतं, पाम आणि सूर्यफुलाच्या तेलाचं, दाणे सुटे राहावेत म्हणून वर पिठाचा हात दिलेलं. दोन्ही खोके शेजारी शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा 'व्हेजिटेबल' हा शब्द वाचूनच उचला. ग्लूटेन चालत नसलेलं कुणी असेल तर मागची यादीही वाचा.

काही जणी विचारतील, तूप का नको? कारण सुएटचं सगळं काम ते उशिरा वितळण्यात आहे. तूप-लोणी तिशीच्या पुढे गेलं की पातळ होतं आणि पीठ कच्चं असतानाच त्यात जिरतं. मग पुडिंग दडस होतं. सुएटचे दाणे त्याहून बऱ्याच जास्त उष्णतेला वितळतात. तोवर भोवतीचं पीठ धरायला लागलेलं असतं, आणि दाण्याच्या जागी बारीक पोकळी राहते. हलकेपणा येतो तो तिथून. सुएट अगदी मिळालंच नाही तर लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं घट्ट करून किसा आणि हात न लावता सुरीनेच पिठात मिसळा. तूप मात्र नाही.

रोली-पोलीचं प्रमाण: २०० ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा), १०० ग्रॅम सुएट, चिमूटभर मीठ, १२५ ते १५० मिली दूध-पाणी. पुऱ्यांच्या कणकेपेक्षा बरंच सैल, आणि मळायचं नाही, फक्त गोळा होऊ द्यायचा. लांबट चौकोन लाटा, कडा सोडून रासबेरी जॅम लावा, गुंडाळा, टोकं दाबून बंद करा. मग बेकिंग पेपर आणि वर फॉइल, दोन्ही सैल. पुडिंग चांगलं फुगतं, त्याला जागा हवी. पूर्वी हे घरातल्या जुन्या शर्टाच्या बाहीत घालून शिजवायचे. वाफेवर दोन तास.

पण एकदा तरी ससेक्स पाँड करून बघाच. माझं सगळ्यात आवडतं. २५० ग्रॅम पीठ, १२५ ग्रॅम सुएट, १५० मिली दूध-पाणी. दीड लिटरच्या पुडिंग बेसिनला, म्हणजे चिनी मातीच्या खोल वाडग्याला, आतून लोणी लावून पाऊण पिठाची पारी बसवा. आत १०० ग्रॅम लोण्याचे तुकडे आणि १०० ग्रॅम ब्राउन शुगर, आणि मधोमध एक अख्खं पिवळं लिंबू, मेण न लावलेलं, सगळीकडून सळईने खोल टोचलेलं. टोचण्यात कसूर करू नका, रस बाहेर यायचा तो तिथूनच. उरलेल्या पिठाचं झाकण लावून कडा ओल्या करून मिटवा. वर मधोमध चुणी घातलेला कागद आणि फॉइल, दोरीने घट्ट बांधून दोरीचाच एक कान करा, गरम बेसिन उचलायला. साडेतीन तास वाफेवर.

जुन्या कृतींत लिंबू नव्हतं, नुसतं लोणी-साखर असायची. पण लिंबाशिवाय मला ते अती गोड वाटतं. उघडलं की लोणी, साखर आणि लिंबाचा रस एकजीव होऊन ताटलीत तळं साचतं. लिंबाची सालसुद्धा मऊ, कडसर-गोड होते. प्रत्येकाच्या वाट्याला तिचा एक तुकडा जायलाच हवा.

वाफेचं तर आपल्याला कुणी शिकवायला नको. खोल पातेलं, तळाशी बशी, बेसिनच्या निम्म्यापर्यंत उकळतं पाणी, घट्ट झाकण. मोदकपात्रात बेसिन मावत असेल तर उत्तमच. पाणी कमी झालं की केटलमधलं उकळतंच घाला. गार पाणी पडून वाफ मोडली की पुडिंग बसतं.

*

प्रेषक: एक सभासद, हल

काकू, फारच उपयोगी. पण आपण साठ जण असू. हॉलच्या स्वयंपाकघरात चारच शेगड्या आहेत, तासन् तास वाफ कशी धरायची? आणि दुकानात नाताळची पुडिंगं स्वस्तात निघाली आहेत. तीच आणली तर?

*

प्रेषक: काकू, शेफील्ड

दादा,

साठ जणांना रोली-पोलीच. हॉलचा ओव्हन मोठा आहे. १८० अंशांवर एक तास, खालच्या खणात उकळत्या पाण्याचा ट्रे. वरच्या प्रमाणात एक गुंडाळी सहा-सात जणांना होते, म्हणजे नऊ-दहा लागतील. घरून करून आणून पुन्हा तापवण्यापेक्षा पीठ आणि सुएट कोरडं मिसळून पिशव्या आणा आणि दूध तिथेच घाला. एकदा ओलं झालं की सेल्फ-रेझिंग पीठ थांबत नाही, लगेच आत जायला हवं. कस्टर्डला एका पाइंट (साधारण ५७० मिली) दुधामागे दोन मोठे चमचे पावडर धरा, म्हणजे सगळ्यांना मिळून दहा पाइंट दूध.

नाताळची पुडिंगं आणणार असाल तर प्रत्येक खोका वाचा. काहींत व्हेजिटेबल सुएट असतं, काहींत चरबी, आणि अंडं तर बहुतेकांत असतंच. बाटलीतल्या मिन्समीटलाही (नावात मीट असलं तरी ते सुक्या फळांचं गोड सारण) हेच लागू.

आणि खरं सांगू, नाताळचं पुडिंग घरीच करायचं असतं. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, आदल्या रविवारी, नोव्हेंबरच्या शेवटाला, इथल्या चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवात 'स्टर अप' अशी होते, आणि 'स्टर' म्हणजे ढवळणं. त्यावरून त्या दिवशी घरोघर पुडिंग ढवळायची रीत पडली. घरातल्या प्रत्येकाने एकदा पूर्वेकडून पश्चिमेकडे डाव फिरवायचा आणि मनात काहीतरी मागायचं. मग ते महिनाभर मुरतं. १९२७ साली एम्पायर मार्केटिंग बोर्डाने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या मालाचा प्रचार करणाऱ्या सरकारी मंडळाने, राजवाड्याच्या मुख्य आचाऱ्याची कृती सगळीकडे वाटली होती. ऑस्ट्रेलियाचे करंट्स, कॅनडाची सफरचंदं, जमैकाची रम, आणि त्यात हिंदुस्थानचा मसाला. ही यादी मुलांना जरूर दाखवा, कुठला माल कुठून येत होता ते नकाशावर शोधायला त्यांना मजा येईल. पुढच्या नोव्हेंबरात मंडळाचा एक रविवार त्यासाठी ठेवा. अंड्याऐवजी किसलेलं सफरचंद आणि थोडा जास्त ब्रेडचा चुरा घालून ते छान बांधलं जातं.

संक्रांतीला दोन पाँड पुडिंगं मी घरून आणते. साठ जणांना पुरणार नाहीत, पण कापताना मुलांना पुढे बसवा. जॅम रासबेरीचाच घ्या, स्ट्रॉबेरीचा फार पातळ होऊन कडेने वाहतो. आणि सुएट कोण आणणार ते या आठवड्यात कळवा, म्हणजे दोनदा येणार नाही.

काकू