संशोधन म्हणजे पेशंटकडे दुर्लक्ष नव्हे
पीआयसीयूतल्या (लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या) डॉक्टरांनी पेशंट बघावेत, संशोधन फक्त बढतीसाठी असतं, असं काही जण म्हणतात. बढतीचा भाग थोडाफार खरा, पण बाकीचं अजिबात पटलं नाही. शॉकमधल्या, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडणाऱ्या मुलाला सलाईन भराभर द्यायचं, हे वर्षानुवर्षं सगळीकडे शिकवलं गेलं. संशोधक डॉक्टर कॅथरिन मेटलँड यांच्या गटाने युगांडा, केनिया आणि टांझानियात तापाने गंभीर झालेल्या ३१४१ मुलांवर ते तपासून पाहिलं. २०११ साली निकाल आला: भराभर सलाईन दिलेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, म्हणून हा निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही, पण सलाईनकडे बघायची नजर बदलली ती बदललीच.

मी पुण्यात पीआयसीयूत नर्स आहे. पावसाळ्यात डेंग्यूची मुलं येतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत असतं. सलाईन कमी पडलं तर बीपी जातं, जास्त झालं तर छातीत साचतं. आमच्या डॉक्टर मॅडम दर तासाला लघवी मोजायला लावतात, स्वतः बोट दाबून रक्त किती सेकंदांत परततं ते बघतात, मगच सलाईनच्या पंपाचा वेग ठरवतात. एमबीबीएस, एमडी आणि त्यावर डीएम ही सुपरस्पेशालिटीची पदवी करून पस्तिशीला पोचलेली ही माणसं नाइट संपवून संशोधनासाठी त्याच नोंदी घेऊन बसतात. त्यासाठी वेगळा राखीव वेळ त्यांना मिळायलाच हवा.