इंजेक्टर न काढता फ्लो कळतो का?

तेलकट_हात:
मल्टीमीटर लावला, चारही इंजेक्टरचं (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) रेझिस्टन्स 12 ते 14 ओहम आलं, 'इंजेक्टर ओके' म्हणून बॉनेट बंद. हे सर्रास चालतं आणि मला अजिबात पटत नाही. मीटरला कळते ती फक्त कॉइलची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याची तब्येत. नोजलच्या भोकात वार्निश, म्हणजे पेट्रोलचा चिकट थर, साचलं असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. फ्लो बघायचा तर इंजेक्टर काढा, टेस्ट बेंचवर 3 बार प्रेशर द्या आणि कुठल्या नळीत किती भरतंय ते बघा. दुसरा मार्ग नाही.

दहाबाराचा_पाना:
असहमत. मीटरचं बरोबर आहे, पण लगेच रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) खोलायची घाई कशाला? जुनीच ओ-रिंग (रबरी सील) परत बसवली की तिथून पेट्रोल पाझरतं, तेही गरम इंजिनावर. त्यापेक्षा रेलला गेज लावा, पंप फिरवून प्रेशर भरा, पल्सरने (इंजेक्टरला ठराविक क्षणच वीज देणारं यंत्र) एक इंजेक्टर उघडा आणि काटा किती उतरला ते लिहून ठेवा. पुढच्याच्या आधी प्रेशर पुन्हा तेवढंच भरायचं. तिघांना सारखं उतरलं आणि चौथ्याला कमी, तर तोच चोंदलाय. आणि हो, बॅटरीची वायर थेट धरून ठेवू नका, कॉइल जळते. कुणीतरी करतंच.

स्कॅनर_बहाद्दर:
एवढा खटाटोप? स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा. अधिक-उणे 10 टक्क्यांच्या आत असेल तर इंजेक्टर बरे आहेत. विषय संपला.

तेलकट_हात:
@स्कॅनर_बहाद्दर, इथेच गफलत होते. चार सिलिंडरच्या गाडीत ट्रिम ठरवणारा ऑक्सिजन सेन्सर सहसा चौघांचा धूर एकत्रच हुंगतो. एक इंजेक्टर चोंदला की ईसीयू चौघांनाही थोडं जास्त पेट्रोल पाजतो. तो एक लीनच (पेट्रोल कमी) राहतो, उरलेले रिच (पेट्रोल जास्त) होतात, आणि ट्रिमचा आकडा मात्र सभ्य दिसतो!
@पाना, गेज 'किती' ते सांगेल, 'कसं' ते नाही. बारीक फवारा उडतोय की सरळ धार, बंद असताना टोकाला थेंब लोंबतोय का, हे बेंचवरच दिसतं.

दहाबाराचा_पाना:
फवाऱ्याचं मान्य. पण बेंचचे आकडेही डोळे झाकून घेऊ नका. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 3 ऐवजी 4 बार दिले तर तोच इंजेक्टर साधारण 15 टक्के जास्त सोडतो. म्हणून चौघांची आपसात तुलना करा, नुसता एक आकडा बघून 'फ्लो वाढला' म्हणू नका. आणि रोग ठरण्याआधी रेल खोलू नका, हे माझं अजूनही मत आहे.

नवशिक्या:
डिझेलला पण असंच का? पाईप सैल करून बघितलं तर?

दहाबाराचा_पाना:
अजिबात नको! कॉमन रेल डिझेलमध्ये चालू इंजिनला 1000 बारच्या वर प्रेशर जातं, ती धार कातडी फाडून आत शिरते. तिथे रिटर्न टेस्ट करतात. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) बाटली लावायची, इंजिन आयडलला ठेवायचं. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच लवकर भरते, तो आतून झिजलेला.

तेलकट_हात:
चला, शेवटी मापाच्या बाटलीवर आलातच की.