जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं वायरिंग घरी करावं की नाही? भीती घालणाऱ्यांना उत्तर

माजिवडा_११००
काल इथे एकाने लिहिलं, "पद्मिनीचं वायरिंग घरी करणारे गाडी जाळायलाच बसलेत. गुपचूप वायरमनकडे टाका." हे वाचून राहवलं नाही.

गाडी जळते ती फ्यूज नसलेल्या वायरमुळे, मग ती कुणीही ओढलेली असो. पद्मिनीत चार्जिंग आणि इग्निशनला मुळातच फ्यूज नाही. त्यात दर मालकाने हॉर्न, फॉग लाइट, टेप असं एकेक मिळेल तिथून टॅप केलेलं. हा गुंता बाजारातलाच आहे, घरी बसून कुणी केलेला नाही.

हेडलाइटचंच बघा. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब, अप्परला (लांबच्या उजेडाला) १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. हा सगळा करंट डॅशमागच्या स्विचमधून फिरून येतो. १ चौरस मिमीच्या ५ मीटर तारेतच जवळपास ०.९ व्होल्ट जातात, घासलेल्या स्विचचे वेगळे. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांनी पडतो. मग लोक १००/९० चे बल्ब टाकतात आणि स्विच वितळतो.

उपाय दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक अप्परला, एक डिपरला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीहून २.५ चौरस मिमीची वायर आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दिवे, ८५ बॉडीला, ८६ ला जुनी हेडलाइटची वायर. स्विचवर उरतो फक्त कॉइलचा करंट, अर्ध्या अँपिअरहूनही कमी. यात गाडी जळण्यासारखं काय आहे?

वागळे_वायरमन
काल लिहिणारा मीच. रिलेचं गणित बरोबर आहे, पण गाडी म्हणजे नुसते हेडलाइट नव्हेत.

लोक मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून घरगुती वायर आणतात. तिचं पीव्हीसी ७० डिग्रीचं. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून नेली की इन्सुलेशन मऊ पडतं आणि तार बॉडीला लागते. गाडीसाठी १०५ डिग्रीची ऑटो वायरच हवी. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट नाही, पत्र्याची धार वायर कापते. जोडाला काळी टेप, मे महिन्यात तिचा चिकट लगदा होतो. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) साध्या पकडीने चेपलेलं, ओढलं की हातात.

आणि इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी, म्हणजे करंट परतायची वाट! इंजिन काढून बसवलं की ती राहून जाते. मग स्टार्टरचे शंभरावर अँपिअर चोकच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततात. केबलचं आवरण धुरतं आणि माणूस कार्ब्युरेटरमध्ये दोष शोधत बसतो.

नेरूळ_सोल्डर
थिंबलच नको. वाशी-नेरूळला खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस. दाबलेल्या जोडाला आतून हिरवा कळंक चढतो. जोड सोल्डरच करा.

माजिवडा_११००
साफ चूक. कथील तारेच्या पेडांतून वर चढतं आणि तिथवर वायर काडीसारखी ताठ होते. ताठ भाग संपतो नेमकं तिथेच इंजिनच्या थरथरीने पेड तुटतात. बाहेरून इन्सुलेशन शाबूत, आत दोन पेड शिल्लक. नीट क्रिम्प केलं, म्हणजे थिंबल वायरवर घट्ट दाबून बसवलं, की हवा शिरायला जागाच राहत नाही. रॅचेटचं टूल घ्या, वायरच्या मापाचं थिंबल घ्या, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

नेरूळ_सोल्डर
जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या बुलेट (गोळीच्या आकाराच्या) जोडांना सोल्डरच असायचं, चाळीस वर्षं टिकलेत. सोल्डर केल्यावर दोन इंचांवर वायर क्लिपने बांधली की ती हलतच नाही. तुम्ही लोक बांधत नाही आणि दोष कथिलाला देता.

माजिवडा_११००
बांधली तर टिकेल, एवढं मान्य. पण इंजिनवर, चार्जिंगच्या ऑल्टरनेटरवर, स्पार्कच्या डिस्ट्रिब्यूटरवर कुठे बांधणार? तिथे क्रिम्पच.

खारघर_ओरिजिनल
दोघेही मूळ गाडीचा सत्यानाश करताय. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून व्हीए या खास नंबर मालिकेत नोंदता येते आणि ती मूळ रूपात हवी. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्यात. रिले लावून ते घालवायचं?

माजिवडा_११००
त्या नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांचा उल्लेख आहे. रिले ग्रिलच्या मागे बसतो, जुनी वायर न कापता लागतो, काढला की गाडी होती तशी. मूळपणाची काळजी असेल तर अख्खी गाडी एकाच लाल वायरने ओढणाऱ्यांना बोला. जुन्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) रंगक्रम पाळला नाही तर पुढचा माणूस दोष शोधणार कसा? आणि हे प्रकार गॅरेजमध्येच होतात. धंद्यावर परिणाम होतो म्हणून लोकांना घाबरवू नका.

वागळे_वायरमन
धंद्याचं काढू नका, तोंड सांभाळून बोला. चार्जिंगचा जुना डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवताना त्याचा कटआउट (बॅटरीचा करंट उलटा जाऊ न देणारा स्विच) तसाच ठेवणारे किती आहेत? चार्जिंगच्या जुन्या वायरवर ३५ अँपिअर सोडतात, तिथे किमान ६ चौरस मिमी हवी. डॅशवरच्या चार्जिंगच्या दिव्यात एलईडी घालतात. त्या बल्बमधूनच ऑल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही, ऑल्टरनेटर उठत नाही, आणि चांगल्या ऑल्टरनेटरला नावं ठेवली जातात.

लाइट, हॉर्न, अर्थ घरी करा, माझी हरकत नाही. अर्थचा पॉइंट मात्र चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, वर व्हॅसलीन. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणला तर मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय, बल्ब बदलत बसू नका. स्टार्टर आणि चार्जिंग मात्र जाणकारालाच करू द्या.

माजिवडा_११००
चार्जिंगचं तुमचं म्हणणं पटलं. पण "जाणकार" म्हणजे गॅरेजच असं नाही. मीटर धरता येणाऱ्यालाही ते जमतं.

नेरूळ_सोल्डर
कुणीही करा, बॅटरी एकदम जोडू नका. सगळे स्विच बंद, दारं बंद. बॅटरीचा प्लस आणि त्याची केबल यांच्यामध्ये ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्याला बल्ब विझेल ती लाइन उघडा. सगळे फ्यूज काढूनही पेटत असेल तर बिनफ्यूजच्या चार्जिंग आणि स्टार्टरच्या वायरी तपासा.