समुपदेशक आणि वकील यांतील फरक

समुपदेशक ताईंना सांगितलेले सारे कायद्यानेच गुप्त राहते, असे अनेकजणी म्हणतात. ते मला पटत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 (पुराव्याचा कायदा) याच्या कलम 132 चे गुप्ततेचे संरक्षण वकिलाशी झालेल्या व्यावसायिक संभाषणाला आहे, आणि ते वकिलाच्या कारकुनाला व दुभाष्यालाही लागू होते, समुपदेशकाला मात्र न्यायालय साक्षीसाठी बोलावू शकते. दुभाष्याचा हा उल्लेख हिंदी भागात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी बायकांना फार मोलाचा आहे. विदर्भातून लग्न होऊन इंदूरला आलेल्या, हिंदी जेमतेम समजणाऱ्या शेजारणीबरोबर मी गेल्या वर्षी वकीलबाईंकडे गेले होते. कागद उघडण्याआधी त्यांनी सोबत आलेल्या तिच्या दिरांना नम्रपणे बाहेर बसायला सांगितले आणि मला मात्र दुभाषी म्हणून थांबवून घेतले. दार लागल्यावर शेजारणीने मुठीत चुरगाळलेला पदर सोडला, आणि जे पोलीस ठाण्यातही तोंडातून निघाले नव्हते ते वऱ्हाडीत सांगितले. वकिलांतही एक फरक आहे: फौजदारी खटल्यात सरकारी वकील शासनाची बाजू मांडतात, ते पीडितेचे स्वतःचे वकील नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 18 नुसार न्यायालयाच्या परवानगीने, सरकारी पक्षाला साहाय्य करण्यासाठी, तिला आपल्या पसंतीचा वकील नेमता येतो.