प्रादेशिक उद्यानांची देखभाल: लांब राहणाऱ्यांनीही पैसे भरायचे का?

वाटसरू
लंडनमध्ये आणि त्याच्या उत्तरेला ली व्हॅली हे प्रादेशिक उद्यान आहे, वेअर गावापासून थेम्सपर्यंत ली नदीच्या काठाने सुमारे ४२ किलोमीटर पसरलेलं. १९६६ च्या कायद्याने ते उभं राहिलं आणि खर्चाची सोयही कायद्यातच झाली: लंडन, एसेक्स आणि हर्टफर्डशायरमधल्या स्थानिक संस्थांवर पट्टी. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याचाही त्यात वाटा, मग तो उद्यानात पाऊल टाको वा न टाको.

मला हेच न्याय्य वाटतं. उद्यान ज्या गावाच्या हद्दीत, त्याच गावाने दहा गावांच्या लोकांचा कचरा का उचलायचा? शिवाय नदीकाठची जमीन मोकळी राहिली की पुराचं पाणी तिथे पसरतं आणि खालच्या वस्त्या वाचतात. त्या वस्त्यांतल्या माणसाने उद्यान कधी पाहिलंही नसेल, पण फायदा त्याला मिळतोच.

हिशेबनीस
पुराचं पटलं. पण मग सायकलचा ट्रॅक, नौकांचा धक्का, गाड्या लावायची जागा यांचा खर्च आजारपणामुळे घरातच असलेल्या म्हातारीच्या घरपट्टीतून का घ्यायचा? जो वापरतो त्याने जास्त द्यावं. अमेरिकेत डेट्रॉइटभोवतीच्या पाच काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) १९४० मध्ये मतदानाने मेट्रोपार्क्स या प्रादेशिक उद्यानांना मंजुरी दिली. तिथे मालमत्ता कर आहेच, शिवाय आत येणाऱ्या गाडीला शुल्कही पडतं. यात अन्याय कुठे आहे?

वाटसरू
शुल्क लावलं की आधी यायचं थांबतो तो ज्याच्या घराला अंगण नाही, मुलांना खेळवायला दुसरी जागा नाही. ज्याच्यासाठी उद्यान सर्वांत गरजेचं, त्यालाच फाटकावर अडवायचं? दुसरं म्हणजे, पावसात माणसं येत नाहीत, गल्ला आटतो आणि गवत नेमकं तेव्हाच वाढतं.

माळरान
मी बारा वर्षं उद्यानांच्या देखभालीचं काम पाहिलं आहे. पैसा कुणाकडून घ्यायचा यावर तुम्ही भांडताय. मला तो कशावर खर्च होतो याची जास्त काळजी वाटते. नव्या पुलाला निधी मिळतो, उद्घाटनही होतं. त्याच पुलाच्या कुजलेल्या फळ्या बदलायला पैसे मागितले की उत्तर येतं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी पूल बंद करावा लागतो. माझ्या डोळ्यांदेखत असे दोन पूल गेले. पट्टी असो वा शुल्क, देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात हवा आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात १९९२ साली हिरव्या जागा एका न्यासाकडे सोपवल्या तेव्हा त्यासोबत व्यापारी मालमत्ताही दिली. तिच्या भाड्यातून देखभाल चालते, दरवर्षी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

हिशेबनीस
नवं शहर वसवताना ते जमलं. जुन्या शहरात न्यासाला द्यायला अशी मालमत्ता कुठून आणायची?

पाणवठा
अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचं उदाहरण बघा. १९८४ पासून तिथे विक्रीच्या रकमेवर टक्क्याचा दहावा हिस्सा इतका विक्रीकर राज्य उद्यानं आणि मृदासंधारणासाठी राखलेला आहे. राज्य उद्यानांना प्रवेश शुल्क नाही. आणि हा कर कायमचा नाही. मुदत संपत आली की मतदारांपुढे जावं लागतं. २०१६ मध्येही त्यांनी तो पुन्हा मंजूर केला.

वाटसरू
विक्रीकराला माझा विरोध आहे. ज्याची सगळी कमाई बाजारहाटातच जाते, त्याच्या मिळकतीतून तो मोठा हिस्सा नेतो. पट्टी घराच्या मोलावर असली तर बंगलेवाला जास्त देतो आणि खोलीवाला कमी. मात्र मुदतीची अट मला घेण्यासारखी वाटते. दर दहा वर्षांनी लोकांसमोर हिशेब ठेवावा लागला, तर माळरान म्हणतात तसं खातं वेगळं ठेवण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

हिशेबनीस
वेगळं खातं आणि मुदत दोन्ही कायद्यात लिहून द्या, मी पट्टीच्या बाजूने मत देईन. चालत येणाऱ्याला फाटक कायम उघडं ठेवा, तेही मान्य. पण गाडी लावण्याचं शुल्क मी सोडणार नाही. गाडीतळाच्या डांबराचा खर्च गाडीवाल्यांनीच द्यायला हवा.