मदत हवी आहे: रॅटच्या किडनीत औषध सगळीकडे सारखं पोहोचत नाही

नमस्कार. स्प्रॅग-डॉली (प्रयोगशाळेतली एक जात) रॅटच्या फक्त डाव्या किडनीला औषध द्यायचं आहे. रीनल आर्टरीत (किडनीच्या धमनीत) बारीक कॅथेटर (नळी) बसवून सिरिंज पंपाने हळूहळू सोडतोय. पण इव्हान्स ब्लू (निळा रंग) देऊन किडनी उभी कापली, तर वरचं टोक गडद निळं आणि खालचा भाग जवळजवळ कोरा!

मला वाटतं, धमनीत प्रवाह थराथरानेच वाहतो आणि पहिला फाटा अगदी जवळ असतो. त्यामुळे औषध रक्तात मिसळण्याआधीच एका फांदीत ओढलं जातं. कॅथेटरचं टोक मागे महाधमनीत घेतलं तर औषध मिसळतं चांगलं, पण मग ते अंगभर जातं. पंपाचा वेग वाढवला की किडनीचा रक्तप्रवाहच बदलण्याची भीती. शिवाय मेड्युलाला (किडनीच्या आतल्या भागाला) किडनीच्या एकूण रक्तप्रवाहाच्या साधारण 10 टक्केच मिळतात, आणि आमचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

कोणी संथ धारेऐवजी छोटे झटके देऊन पाहिलंय का? की सरळ मेड्युलाच्या इंटरस्टिशियममध्ये (पेशींमधल्या जागेत) कॅथेटर बसवावं? त्याने आजूबाजूच्या ऊतीला किती इजा होते? एथिक्स कमिटीने मोजकेच प्राणी मंजूर केलेत. एकही वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून प्रत्यक्ष हाताने हे केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.